दिवसा लाईट आल्यावर गावात खरंच काय बदलतं?

काळीमाती: आमच्या गायरानात सोलर प्रकल्प येतोय, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला. ग्रामसभेत सरळ दोन तट पडलेत, एक म्हणतो शेतीला दिवसा लाईट मिळेल, दुसरा म्हणतो कंपनी कमावणार नि आपल्या शेळ्यांनी चरायचं कुठं. प्रदूषण, युनिटचा दर वगैरे माहितीये, ते नका सांगू. ज्यांच्याकडे चालू झालंय त्यांच्या घरात नि गावात काय फरक पडला ते सांगा.

सरीवरंबा: आम्ही वैजापूर तालुक्यातले. २.० मधला राज्यातला पहिला प्रकल्प आमच्याच तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला, ३ मेगावॅट. आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजलाईनला, त्यानंतर आलं. आधी शेतीला रात्रीची लाईट असायची त्या आठवड्यात ती आली की उठायचं, बॅटरी घेऊन कांद्याचे वाफे भरायचे, अंधारात वरंबा कुठं फुटला ते कळायचं नाही आणि सकाळी बघावं तर निम्मं पाणी शेजाऱ्याच्या रानात. त्यात मण्यार-घोणसाची भीती वेगळीच. रात्रीच्या पाण्याला गडी जादा रोज देऊन पण यायचा नाही. आता जेवून झोपतो, बस्स. बिलाचं म्हणाल तर फार फरक नाही, पण झोप मिळते ना भाऊ.

उसातली वाट: जुन्नर-आंबेगावकडं तर हा जिवाचाच प्रश्न आहे, रात्री उसात पाणी द्यायला जायचं म्हणजे बिबट्या कुठल्या सरीत बसलाय कुणाला माहीत. दिवसा लाईट द्या म्हणून इकडं आंदोलनं झालीत.

सुगरण_शेतकरीण: बाकी सगळे खुश आहेत म्हणून मी पण बोलते. रात्री पाणी धरायला आमचे हे जायचे कारण बाईमाणसाला रात्री रानात कोण पाठवणार. आता दिवसा लाईट, तर ते म्हणतात तू असतेसच की रानात, तेवढी मोटर चालू कर नि वाफ्यांची दारं पण मोड. म्हणजे खुरपणी, धारा, स्वयंपाक आणि वर पाणी. झोप त्यांची वाचली, काम माझं वाढलं 😄 पण एक आहे, पूर्वी हे रानात गेले की ते परत येईपर्यंत माझा पण डोळा लागायचा नाही, ते गेलं.

एमआयडीसीवाला: आमच्यासारख्यांचा पण विचार करा राव, दिवसा कंपनीत नि रात्री शेती, आम्हाला रात्रीचीच लाईट सोयीची होती.

काळीमाती: हे सगळं पटलं. पण ढग असले की काय? आणि गायरानाचं?

सरीवरंबा: पॅनलची लाईट थेट मोटारीला येत नाही, सबस्टेशनला जाते नि तिथून फीडरवर, त्यामुळं ढग आले की ग्रिडची वीज असतेच. स्वतंत्र सौरपंप बसवला तर ही अडचण येते, त्याचं पाणी उन्हावरच.

माळरान: गायरानाचं मी सांगतो, आमच्याकडं झालंय. खाजगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. गायरान मात्र सरकारी, त्यामुळं गावाला मिळतात ते ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षं. दिवसाची लाईट कुणाच्या कामाची, तर ज्याच्याकडं विहीर आणि मोटर आहे त्याच्या. ज्याला रान नाही, दोन शेळ्यांवर घर चालतं, त्याची चराई गेली, त्याला मिळालं काय? आमच्याकडं ग्रामसभेत कुणी हे विचारलंच नाही, कुंपण झाल्यावर बोंबाबोंब. तुम्ही आधीच भांडा. मेगावॅटला साधारण चार एकर लागतात, त्या हिशोबानं नेमके किती एकर घेणार आणि कुठल्या बाजूचे ते नकाशावर दाखवायला लावा, शेळ्यांची पाण्याकडं जायची वाट सोडून घ्या, पॅनल धुवायला नि राखणीला गावातलीच भूमिहीन घरातली पोरं घ्यायची असं लेखी घ्या. आणि पहिल्या ५ लाखांचं काय करायचं ते ठरवताना शेळीवाल्यांना पण बोलवा, नाहीतर त्याची कमान नि पेव्हर ब्लॉक होतात.

काळीमाती: लेखीचं लक्षातच आलं नव्हतं. येत्या ग्रामसभेत मांडतो.