मदत हवी आहे: ब्रेक ऑइल आत्ताच बदलू का?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. गाडी 2018 ची पेट्रोल हॅचबॅक, 52,000 किमी झालीय. ब्रेक ऑइल एकदाही बदललेलं नाही.

गेल्या रविवारी आई-बाबांना घेऊन तुळजापूरला गेलो होतो. परतताना घाट उतरताना ब्रेक पेडल मऊ लागलं, नेहमीपेक्षा बोटभर जास्त खाली गेलं. खाली थांबून पाच-दहा मिनिटं गाडी थंड होऊ दिली, मग ठीक. पण मागे आई बसलेली, जीव घाबरला.

घरी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं तर ऑइल चहासारखं काळपट. लेव्हल बरोबर आहे. आमचे नेहमीचे मेस्त्री म्हणतात, “लेव्हल आहे ना, मग कशाला हात लावताय?” मला ते पटत नाही. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान 230 अंश सोसतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत येते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा!

दोन वर्षांनी बदलायचं हे धरून चालू ना? झाकणावर डॉट 3 लिहिलंय, डॉट 4 चालेल का? चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढून नीट काम करणारं कुणी सोलापुरात माहीत असेल तर कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात पंढरपूरला जायचंय, त्याआधी उरकायचं आहे.