तेनकारा: दोरी पाण्यावर आपटते, मासे पळतात. काय चुकतंय?

नदीकाठची:

नमस्कार मंडळी. मी मूळची कऱ्हाडची. दोन वर्षांपासून तोक्योत नोकरीला आहे, निशीकासाईत राहते. लहानपणी आजोबांबरोबर कृष्णेत गळ टाकून बसायचे, त्यामुळे ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्यांनी तेनकाराबद्दल, म्हणजे रीळ नसलेल्या काठीने मासे धरायच्या जपानी पद्धतीबद्दल सांगितल्यावर राहवलं नाही. काठी घेतली: ३.६ मीटरची, ६:४ वाकाची (खालचे सहा भाग ताठ, वरचे चार वाकणारे), एकात एक सरकून हातभर होणारी. रीळ नाही, टोकाच्या लाल लिलियनला, म्हणजे विणलेल्या दोऱ्याच्या तुकड्याला, थेट दोरी बांधायची. दोरी साडेतीन नंबरची फ्लुरोकार्बन, साडेपाच मीटर. पुढे मीटरभर टिपेट, म्हणजे ५एक्स जाडीचा बारीक धागा, आणि त्याला काळ्या धाग्याची केबारी, म्हणजे धागा आणि पीस गुंडाळलेला गळ.

चार रविवार ओकुतामाला जाऊन आले. तामा नदीला मिळणारे ओढे आहेत तिथे. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. यामामे मासे डोळ्यांना दिसतात, पण मी काठी फिरवली की दोरी पाण्यावर फट्कन पडते आणि डोह रिकामा. एकदाच एक मासा केबारीपर्यंत आला, मी ओढेपर्यंत गेलाही. काठी बदलू, दोरी बदलू की केबारी? दुकानात विचारलं तर त्यांनी बारा प्रकारच्या केबारी पुढे ठेवल्या. शिवाय परवा काठी मिटताना वरचे दोन तुकडे अडकून बसलेत, ते अजून निघालेले नाहीत. कुणी हे करत असेल तर कृपया सांगा. मला हे मनापासून शिकायचं आहे.

चिवारकाठी:

नदीकाठची ताई, काठी चांगली आहे, बदलू नका. दोरी कापा. साडेपाच मीटर तुमच्यासाठी फार लांब आहे. काठीएवढीच ठेवा, म्हणजे ३.६ मीटर, पुढे टिपेट मीटरभर. अख्खा पहिला मोसम यावरच काढा.

मी कुडाळकडचा, नऊ वर्षं मात्सुमोतोत आहे. आमच्याकडे व्हाळावर गरवायला जाताना चिवारीची काठी, टोकाला काठीएवढाच दोर आणि पुढे गरी. नागानोच्या डोंगरात पहिल्यांदा एका म्हाताऱ्या माणसाला तेनकारा करताना पाहिलं तेव्हा मी तिथेच धोंड्यावर बसलो. काठीची लांबी, दोराची लांबी, हाताची ठेवण, सगळं आमच्या आजोळचं. फरक एवढाच की गांडुळाऐवजी धागा आणि पीस. केबारी म्हणजे शब्दशः केसांचा गळ. इथल्या डोंगरातली माणसं पोटासाठी इवाना मासे धरून गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या खानावळींना विकायची. त्यांना भराभर मासे हवे होते, म्हणून सामान कमी आणि हालचाल कमी.

आता हात. पहिलं बोट काठीच्या पाठीवर सरळ ठेवा, कोपर अंगाशी. काठी वर नेताना घड्याळाच्या बाराला थांबवा, मागे झोपू देऊ नका. तिथे क्षणभर थांबा, दोरी मागे सरळ होते ते काठीतून हाताला कळतं. मग पुढे आणा आणि दहाला थांबवा. थांबणं महत्त्वाचं, जोर नाही. तुम्ही नऊपासून तीनपर्यंत हात फिरवत असणार, रीळवाल्या फ्लाय फिशिंगचे व्हिडिओ पाहून बहुतेकांचं असंच होतं. बरोबर पडली तर सगळ्यात आधी केबारी टेकते, दोरी हवेतच राहते. पाण्यात असावी ती फक्त केबारी आणि टिपेटची शेवटची वीतभर. दोरी पाण्यात पडली की मधला जोराचा प्रवाह तिला ओढतो, केबारी फरफटते आणि मासा ओळखतो.

तुम्ही कुठे उभ्या राहता ते लिहिलेलं नाही, पण मला वाटतं अर्धी चूक तिथेच आहे. मासा तोंड प्रवाहाकडे करून असतो, म्हणून खालच्या अंगाने वर चढत जायचं, त्याच्या पाठीमागून. डोहाच्या शेवटापासून दहा पावलं आधीच गुडघ्यावर या. तुम्हाला मासा दिसतो म्हणजे त्याने तुम्हाला कधीच पाहिलंय. त्या माशाचा नाद सोडा आणि जिथे मासा दिसत नाही पण असायला हवा तिथे टाका: खळाळ संपून पाणी मंदावतं ती कड, धोंड्यामागचं शांत पाणी. एका जागी तीन-चार वेळा टाकलं की पुढे चला.

केबारीची चिंता सोडा. डॉ. हिसाओ इशिगाकी हे इथले तेनकाराचे मोठे जाणकार, ते वर्षानुवर्षं एकाच प्रकारची केबारी वापरत आले. मीही एकच वापरतो: काळा धागा, पुढे झुकलेलं तपकिरी पीस. त्या उलट्या पिसामुळे काठीचं टोक जरासं हलवलं की केबारी पाण्यात उघडमीट करते.

आणि ओढायचं कधी? यामामे केबारी तोंडात घेऊन लगेच थुंकतो. धक्का हाताला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. दोरीकडे बघत राहा. ती जिथे अडखळेल किंवा उगाच थांबेल तिथे मनगट उचला, बस्स.

एक जपा. तीन वर्षांपूर्वी दुपारी गडगडायला लागलं. काठी कार्बनची, वीज ओढते, म्हणून घाईत मिटायला गेलो आणि तिरकी धरली. टोकाकडचा दुसरा तुकडा माझ्या बोटांतच टक् करून गेला. तेव्हापासून पहिला गडगडाट झाला की मी काठी पाण्याबाहेर घेतो, पुढच्याची वाट बघत नाही. मिटताना मुठीकडचा जाड तुकडा आधी, टोक शेवटी, आणि प्रत्येक तुकडा सरळ रेषेत. उघडताना उलट, टोक आधी. मोडला तरी सुटा तुकडा मिळतो, अख्खी काठी घ्यावी लागत नाही.

युग्योकेन, म्हणजे त्या नदीच्या मच्छीमार संघाचा परवाना, काढता ना? ओढ्यावर तपासनीस आला आणि तिथेच घ्यावा लागला तर जास्त पैसे पडतात. एकट्या जात असाल तर पिशवीला अस्वलाची घंटी लावाच, ओकुतामात अस्वलं आहेत.

तीर्थनवाट:

मी पुण्याचा, दरवर्षी एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर तेनकारा नेतो. तिथे ब्राउन ट्राउट आहे. मत्स्य विभागाचा परवाना घ्यायचा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते.

चिवारकाठींचं सगळं पटलं, फक्त दोरीचं तीर्थनला लागू नाही. पात्र रुंद आहे, मला साडेचार मीटर लागते. पण ताईंच्या अरुंद ओढ्यावर आखूडच बरी, वर झाडांच्या फांद्याही असतील.

अडकलेल्या तुकड्यांचं: पिळू नका. मुठीखालचं झाकण काढा, आतले मोकळे तुकडे खाली सरकवून बाहेर घ्या. अडकलेली जोडी उभी धरून लाकडी फळीवर हलक्या हाताने आपटा, आतला तुकडा खाली सुटतो. ओली काठी मिटून ठेवू नका, घरी तुकडे सुटे करून वाळवा. आणि ५एक्सपेक्षा जाड टिपेट कधीही नको. केबारी झाडात अडकली तर काठी खेचू नका, दोरी हातात धरून ओढा. तुटायचं ते टिपेट तुटू दे.

नदीकाठची:

दोघांचे खूप आभार. तुकडे फळीवर तिसऱ्या ठोक्याला सुटले.

काल गेले होते. दोरी कापली, ३.६. सकाळी तासभर तशीच आपटत होती, मग बाराला थांबायचं जमलं आणि केबारी आवाज न करता टेकली. मी तेवढ्यानेच हसले. नंतर एका धोंड्यामागे दोरी किंचित थांबली, मी मनगट उचललं आणि काठी वाकली! यामामे, वीतभरही नसेल. हात भिजवून धरला. अंगावर ओळीने निळसर करडे ठसे, शाईत अंगठा बुडवून उठवल्यासारखे, आणि हाताच्या तळव्यात त्याचे गार, भराभर झटके. गळाला उलटा काटा नव्हता, लगेच सुटला. पाण्यात उभा धरला तर दोन श्वास थांबला आणि गेला. आजोबांना फोन केला, त्यांनी पहिलं विचारलं, "पाणी केवढं होतं गं?"

परवाना पहिल्या दिवसापासून काढते आहे, घंटी आज घेतली. एक राहिलं: लिलियनचं टोक उसवलंय, दोरीची गाठ घसरते. ते बदलावं लागेल का?

चिवारकाठी:

बदलू नका. उसवलेलं तेवढं कापा, अगदी शेवटी एक बारीक गाठ मारा आणि तिच्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडा. वाळल्यावर दोरीचा फास त्या गाठीच्या मागे आवळा. पाणी गढूळ असेल तर रविवार सोडा, वर पाऊस झालेला असतो आणि ओढा बघता बघता चढतो. आजोबांना माझा नमस्कार सांगा.