इंटरफेजला ‘विश्रांती अवस्था’ म्हणावं का?

रानवाट: कर्करोगाच्या औषधांवरची पुस्तिका मराठीत करतेय. पेशीच्या दोन विभाजनांमधल्या काळाला, इंटरफेजला, मी ‘विश्रांती अवस्था’ लिहिलं. माझ्या बीएस्सीच्या वहीत तेच आहे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी खोडलं. दुसरं काय लिहू?

निवृत्त मास्तर: खोडलं ते बरं झालं. कांद्याच्या मुळाचं टोक ॲसिटोकारमाइनने रंगवलं की बहुतेक पेशी याच अवस्थेत दिसतात. गुणसूत्रं सुटी दिसत नाहीत, म्हणून जुन्या लोकांना त्या स्वस्थ वाटल्या. मग हॉवर्ड आणि पेल्क या शास्त्रज्ञांनी शेंगवर्गी रोपाच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि १९५३ साली मांडलं, की डीएनएची प्रत याच काळात, ठरावीक तासांत तयार होते. तो टप्पा एस, त्याआधीचा जी-१, नंतरचा जी-२. चोवीस तासांच्या चक्रात प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं. उरलेला वेळ पेशी वाढते, प्रथिनं बनवते, प्रत तपासते. याला विश्रांती म्हणणं अन्याय आहे.

औदुंबर: ‘अंतरावस्था’ लिहा. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था या विभाजनाच्या टप्प्यांच्या पंगतीत हा शब्द बसतो.

शिवार: अंतर म्हणजे पुन्हा रिकामी फटच. आमच्याकडे ज्वारी पोटरीत येते. कणीस बाहेर दिसत नाही, पण पानाच्या आवरणात फुगत असतं. ‘पोटरी अवस्था’ का नको?

औदुंबर: पोटरीत कणीस एकच. इथे ४६ गुणसूत्रांपैकी प्रत्येकाची दुसरी प्रत होते. शिवाय शहरातला रुग्ण पायाची पोटरी समजेल.

शिवार: ‘गुणसूत्र’ तरी त्याला कुठे आईच्या मांडीवर कळलं होतं? शिकलाच ना!

रानवाट: आणि खरंच थांबलेल्या, जी-० मधल्या पेशी? बरीच औषधं त्यांना गाठत नाहीत, तो परिच्छेद महत्त्वाचा आहे.

निवृत्त मास्तर: ‘विभाजनविराम’ म्हणा. यकृताची पेशी विभाजन थांबवते, काम नाही. इजा झाली की पुन्हा विभागू लागते.

पाटी: मला तर ‘पेशी’च खटकते. मी इंदूरच्या हिंदी शाळेत शिकले. तिथे सेल म्हणजे कोशिका आणि पेशी म्हणजे स्नायू. पुण्यात अकरावीला ‘पेशीचं केंद्रक’ ऐकून महिनाभर दंडातला स्नायूच डोळ्यांसमोर यायचा. संस्कृतातही पेशी म्हणजे मांसाचा गोळा.

औदुंबर: पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांनी रुजवलेला शब्द आता उपटायचा?

पाटी: रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाच्या कापात खोल्या पाहिल्या, म्हणून ‘सेल’, म्हणजे खोली. कोशिका त्याच्या जवळची.

शिवार: त्या खोल्या मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या, ताई. पेशी म्हटलं की निदान जिवंत मांस तरी डोळ्यांपुढे येतं.