मदत हवी आहे: जिबरेलिनचं ज्वारी का ऐकेना?

मंडळी, यवतमाळकडच्या खेड्यातून लिहितोय. एमएस्सीचा छोटा प्रकल्प आहे. गहू आणि ज्वारीचे दाणे ब्लेडनं आडवे कापले, अंकुर नसलेले अर्धे दाणे स्टार्च-अगरच्या बशीत जिबरेलिक आम्लासोबत (जिबरेलिन गटातलं, बियाण्याला उगवायला लावणारं संप्रेरक) ठेवले. (ते पाण्यात नीट विरघळेना, आधी थेंबभर अल्कोहोलमध्ये घेतलं.) 48 तासांनी आयोडीन ओतलं. गव्हाभोवती निळ्यात स्वच्छ पांढरं कडं! म्हणजे संप्रेरकानं अल्फा-अमायलेज या स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमचा एमआरएनए (ते बनवण्याचा संदेश नेणारा आरएनए) बनवायला लावला, त्यावरून एन्झाइम तयार झालं, स्टार्च पचलं. सोबत अ‍ॅब्सिसिक आम्ल (जिबरेलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक) घातलं तर कडं जवळपास गायब.

ज्वारी मात्र निळीच्या निळी. अंकुरवाल्या अर्ध्याभोवती कडं आलं, बिनअंकुरी अर्ध्याभोवती नाही. दोनदा केलं, पहिल्या खेपेला तर बुरशीनंच बशी खाल्ली.

ज्वारीत हे एन्झाइम अल्यूरोनऐवजी (दाण्यातल्या स्टार्चभोवतीचा पेशींचा थर) मुख्यतः अंकुराच्या स्कुटेलममध्ये (स्टार्चला चिकटलेलं अंकुराचं ढालीसारखं पान) बनतं, म्हणून का? आणि नवा आरएनए लागतोच, हे दाखवायला अ‍ॅक्टिनोमायसिन-डी (आरएनए बनणं रोखणारं रसायन) नको. महाग आणि विषारी. आमच्या प्रयोगशाळेत धड हूडसुद्धा (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) नाही. दुसरा काही मार्ग कुणी करून पाहिलाय का?