मदत हवी आहे: 'चाला' सांगूनही शुगर-बीपीचे पेशंट चालत नाहीत

उपकेंद्रातून: वय ४५ ते ६५, मधुमेह किंवा बीपी, महिन्याच्या गोळ्या न्यायला येणारे पेशंट. प्रत्येकाच्या केसपेपरवर 'आहार-व्यायामाचा सल्ला दिला' असं लिहिलेलं असतं, पुढच्या महिन्यात वजन तेच. उत्तरंही ठरलेली: घरात दिवसभर चालणं होतंच की, गुडघे दुखतात, वेळ नाही. एका पेशंटला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात काय बोलायचं? आणि चालायला कुणाला सांगायचं नाही?

गोळी_आणि_गप्पा: 'सल्ला दिला' हीच मेख आहे. सल्ल्याऐवजी विचारा, "चालणं जमेल याची खात्री किती, रुपयात किती आणे?" जुन्या माणसांना आणे चटकन कळतात. "सहा आणे" असं उत्तर आलं तर "सहाच का?" म्हणू नका, तो अडचणींचा पाढा वाचेल. "दोन का नाही म्हणालात?" असं विचारलं की चालण्याची कारणं तो स्वतःच सांगायला लागतो.

मग एकच गोष्ट ठरवा. शतपावली सगळ्यांना माहीत आहे, पण शंभर पावलं म्हणजे जेमतेम मिनिटभर. ती हजार करा, साधारण दहा मिनिटं होतात. जेवणानंतरच्या चालण्याने जेवणानंतर चढणारी शुगर कमी चढते. केसपेपरवर 'व्यायाम' असं मोघम लिहू नका. 'रात्री ताट उचललं की चप्पल घालून मारुतीच्या देवळापर्यंत, सोम ते शनि' असं लिहा.

पुढच्या खेपेला बीपीचा पट्टा बांधायच्या आधी तेच विचारा. झालं नसेल तर दहाची पाच मिनिटं करा. रागावलात तर पुढच्या वेळी खोटं ऐकाल, नाहीतर गोळ्या न्यायला सूनबाई येतील. आठवड्याला १५० मिनिटांचं उद्दिष्ट तुमच्या डोक्यात असू द्या, पहिल्याच दिवशी पेशंटच्या डोक्यावर नको. सलग दहा मिनिटं चाललं तरच मोजायचं, ही अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढली, त्यामुळे पाच-पाच मिनिटंही धरा. वेग असा की बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये.

फिजिओताई: आधी कुणाला थांबवायचं ते. चालताना छातीत दाब येणारे, बसल्या जागी धाप लागणारे किंवा बीपी १८०/११० च्या वर असलेले पेशंट आधी डॉक्टरांकडे पाठवा.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड (शुगरच्या गोळ्या) किंवा इन्सुलिनवाल्यांना उपाशीपोटी फिरायला पाठवू नका. एकादशीचा उपास, त्यात सकाळची गोळी आणि वर फेरी, असं झालं की शुगर फार उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. खिशात साखरेची पुडी हवी. १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फारसा नसतो.

तळवे स्वतः पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. बधिर पायाला चपलेतला खडा कळत नाही, म्हणून अनवाणी चालणं बंद आणि चप्पल झटकूनच घालायची. जखम असेल तर चालणं थांबवा, पाय आधी दाखवा.

गुडघेवाल्यांना खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, ८ ते १० वेळा, दिवसातून दोनदा. उठता येत नसेल तर खाली गोधडीची घडी ठेवा, बैठक उंच होते. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही जास्तच दुखत असेल तर आकडा निम्मा करा.

उपकेंद्रातून: आभार. बायका म्हणतात, एकटीने रस्त्यावर फिरलं तर लोक हसतात. आणि शेतमजुरांना काय सांगायचं?

गोळी_आणि_गप्पा: एका आळीतल्या तिघी-चौघींची वेळ आशाताईंना ठरवून द्यायला सांगा, चौघींना कुणी हसत नाही. तेही जमत नसेल तर अंगण किंवा गच्ची. मजुराला हंगामात वेगळं चालायला सांगणं म्हणजे थट्टाच. त्याला एवढंच विचारा, "काम नसतं तेव्हा दिवसभर काय करता?" पारावर बसून असेल तर हजार पावलं त्या दिवसांसाठी लिहा.