ज्येष्ठांसाठीची १४५६७ हेल्पलाइन : आपला अनुभव लिहा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कोणी ना कोणी असा प्रश्न घेऊन येते, ज्याचे उत्तर कुठेतरी नक्की असते, पण ते कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या टेबलावर मिळेल हे सांगणारे कोणी नसते. कोणाचे निवृत्तिवेतन अडकलेले असते, कोणाला घरी येऊन शुश्रूषा करणारे माणूस हवे असते, तर कोणाला घरातल्याच माणसांचा जाच असतो. अशांसाठी केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी एल्डरलाइन, म्हणजे १४५६७ हा निःशुल्क क्रमांक, देशपातळीवर सुरू केला. सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत तेथे फोन करता येतो. महाराष्ट्रात हे काम पुण्याचे जनसेवा फाउंडेशन पाहते. तरीही हा क्रमांक ठाऊक असलेले ज्येष्ठ मला फार थोडे भेटतात आणि त्याचे मनापासून वाईट वाटते. ज्यांनी फोन केला असेल त्यांनी कृपया आपण काय विचारले, आपल्याला कोणाकडे पाठवले आणि पुढे काम झाले की नाही, हे सविस्तर लिहावे. नावे आणि पत्ते मात्र लिहू नयेत.

पारनेर तालुक्यातून

माझ्या आईला श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळत असत, ते एकाएकी यायचे बंद झाले. बँकेत विचारले तर खाते चालू आहे असे सांगत, तहसीलमध्ये विचारले तर पैसे पाठवले आहेत असे सांगत, आणि दोन्हीकडची माणसे खरेच बोलत होती. १४५६७ वरच्या ताईंनी सगळी हकिकत ऐकून घेऊन एवढेच विचारले, की आईंची आणखी कोणत्या बँकेत खाती आहेत का. आता अनुदान डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात, येते, त्यामुळे तहसीलच्या यादीत कोणताही खाते क्रमांक असला तरी पैसे आधार सीडिंग झालेल्या, म्हणजे अनुदानासाठी आधार क्रमांकाशी जोडलेल्या, खात्यातच जातात, हे त्यांनी न कंटाळता समजावून सांगितले. आईने पूर्वी बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत एक खाते उघडले होते. ते पासबुक मी यंत्रात भरून घेतले, तेव्हा एकाखाली एक १,५०० च्या नोंदी छापून येऊ लागल्या आणि आई तिथल्या बाकावर बसून त्या बोटाने मोजू लागली. सीडिंग बदलण्याचा अर्ज कोणत्या बँकेत द्यायचा, हेही ताईंनी सांगून ठेवले होते. तो आम्ही त्याच दिवशी दिला.

डोंबिवलीहून

स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडजवळ एक आजोबा सलग काही दिवस बसलेले दिसत. मी फोन केला तेव्हा समोरून आधी विचारण्यात आले, की ते शुद्धीवर आहेत का आणि कुठे जखम आहे का. असेल तर पहिला फोन १०८ ला करा. मग ते कोणती भाषा बोलतात, गावाचे नाव सांगतात का, खिशात एखादा कागद आहे का, हे प्रश्न आले. पोलीस ठाण्यातली नोंद आणि पत्र हाती असल्याशिवाय निवाराकेंद्रे सहसा दाखल करून घेत नाहीत, ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. हेल्पलाइनचे क्षेत्रीय अधिकारी दुसऱ्या दिवशी आले, आम्ही मिळून नोंद केली आणि आजोबांना निवाऱ्यात जागा मिळाली. ते सांगत होते ते गाव वाशीम जिल्ह्यात निघाले. ग्रामपंचायतीमार्फत निरोप गेला आणि त्यांचा पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला.

कोल्हापूरहून

माझ्या मावशीने काका गेल्यावर राहते घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिले. त्यानंतर हळूहळू तिचे जेवणखाण, औषधपाणी, सगळ्यालाच कात्री लागली. तिने स्वतः फोन केला, मी शेजारी बसले होते. समुपदेशकांनी तिला मध्येच न तोडता बराच वेळ बोलू दिले, याचे मला आजही मोल वाटते. मग त्यांनी सांगितले, की २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, तेथे दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिलेली असून ती अट पाळली जात नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बक्षीसपत्र रद्द करण्याची मागणीही करता येते. त्यांनी आम्हाला दस्त काढून वाचायला लावला. तिसऱ्या पानावर ‘हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे शब्द होते. मावशीची पोटच्या पोराला सरकारदरबारी उभे करायची तयारी नव्हती, आणि त्यांनी तसा आग्रहही धरला नाही. तिच्या संमतीने ते आधी मुलाशी बोलले. आता औषधे वेळेवर येतात, जेवणाचे ताट पुन्हा खाली येते. मने जुळली आहेत असे मी म्हणणार नाही. मात्र अर्ज भरून तयार आहे आणि मुलालाही ते माहीत आहे.

एडिसन, न्यू जर्सीहून

मी इथून १४५६७ लावून पाहिला, तो लागला नाही. सांगलीतल्या शेजारच्या काकांनी आईबाबांसाठी तिथून फोन केला. परदेशी राहणाऱ्यांनी गावाकडच्या कोणाला तरी हा क्रमांक आधीच देऊन ठेवावा. इथे अमेरिकेत २११ हा क्रमांक २००० सालापासून स्थानिक सेवांच्या माहितीसाठी राखून ठेवलेला आहे. सासूबाईंसाठी दिवसभराचे केंद्र शोधताना तिथून आम्हाला कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ज्येष्ठांसाठीच्या कार्यालयाचा फोन मिळाला. न्यू जर्सीच्या २१ कौंटींपैकी प्रत्येकीत असे कार्यालय आहे. आपल्याकडेही प्रत्येक तालुक्याला असे एक ठिकाण असते, तर हेल्पलाइनचे काम किती सोपे झाले असते!

नांदेडहून

माझा अनुभव तितका चांगला नाही. बोलणे आदराने झाले, पण वडिलांसाठी जे विरंगुळा केंद्र सुचवले ते बंद पडून बराच काळ झाला होता. गुडघे दुखत असताना वडील जिने चढून गेले आणि कुलूप बघून परत आले. माहिती जुनी असेल तर फोन उचलणाऱ्याच्या गोड बोलण्याचा काय उपयोग?

धागाकर्तीकडून, नांदेडच्या वाचकांना

आपली तक्रार रास्त आहे. अशा सेवेत सगळे काही यादीवर अवलंबून असते, आणि केंद्र बंद पडल्याचे फोनवर बसलेल्यांना कोणी कळवल्याशिवाय ते यादीतून निघत नाही. कृपया १४५६७ ला पुन्हा फोन करून केंद्राचे नाव आणि ते बंद असल्याचे कळवा, आणि वडिलांना जिना चढता येत नाही हे सुरुवातीलाच सांगा. दिलेल्या ठिकाणी जाण्याआधी तिथे एक फोन करावा, ही सूचना मी आमच्या संघाच्या फलकावर आजच लावत आहे. कोकणातून आणि विदर्भातून अजून कोणी लिहिलेले नाही. तिकडच्या वाचकांनी अवश्य लिहावे.