गायीगुरांतला बीएसई (मॅड काऊ रोग) जिवंतपणी, लवकर ओळखता येतो का?

अंतिमवर्ष_पशुवैद्यक
बीएसईचा सुप्तकाळ सरासरी चार-पाच वर्षांचा. वासरू असताना खुराकातल्या मांस-हाडांच्या चुऱ्यातून शिरलेला प्रायॉन इतकी वर्षं जनावराच्या अंगात असतो, मग ब्रुसेलासारखी (गाभ पाडणारा जिवाणू) रक्ताची चाचणी का नाही? युरोपातली 'रॅपिड टेस्ट' मेलेल्या जनावराच्या मेंदूवरच का करतात, आणि लक्षणांच्या किती आधी ती रोग पकडते? नमुना नेमका कुठला घ्यायचा? आरटी-क्विक या नव्या चाचणीमुळे काही फरक पडला का?

ओबेक्स
आधी रक्ताचं बघू. ब्रुसेलात आपण अँटिबॉडी मोजतो. प्रायॉन म्हणजे जनावराच्याच पीआरपी प्रथिनाची घडी बिघडलेलं रूप. अमिनो आम्लांचा क्रम तोच, त्यामुळे शरीराला ते परकं वाटत नाही आणि अँटिबॉडी तयारच होत नाहीत. डीएनए-आरएनए नाही, म्हणून पीसीआरला धरायला काही नाही. उरतं ते बिघडलेलं प्रथिनच शोधणं, आणि ते जिथे साठतं तिथेच सापडणार.

ब्रिटनमधल्या प्रयोगात चार महिन्यांच्या वासरांना बाधित मेंदूचे १०० ग्रॅम तोंडावाटे दिले होते. सहा महिन्यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात संसर्ग दिसला. मेंदूत तो दिसायला ३२ महिने लागले, आणि लक्षणं ३५ व्या महिन्यात सुरू झाली. म्हणजे एवढा मोठा डोस देऊनही मेंदूची चाचणी लक्षणांच्या जेमतेम तीन महिने आधी बोलली. त्याआधीची सगळी वर्षं ती 'निगेटिव्ह'च सांगणार. मेंढ्यांच्या स्क्रॅपीत (त्यांचा प्रायॉनचा रोग) तिसऱ्या पापणीतली किंवा गुदद्वाराच्या अस्तरातली लसीका ऊती काढून जिवंतपणी तपासता येते, कारण तिथे प्रायॉन साठतो. गायीच्या नेहमीच्या बीएसईत लसीका ऊती बहुतांशी कोऱ्याच राहतात, म्हणून ती वाट बंद.

जपानने ऑक्टोबर २००१ पासून कत्तलीला येणारं प्रत्येक जनावर तपासलं. तिथल्या एकूण ३६ रुग्णांत २४ महिन्यांच्या आतले फक्त दोन होते, २१ आणि २३ महिन्यांचे. तेव्हा कोवळ्या जनावराचा 'निगेटिव्ह' अहवाल म्हणजे निरोगीपणाचा दाखला समजू नका. माणसाच्या ताटाचं रक्षण चाचणीपेक्षा मेंदू, मज्जारज्जू आणि आतड्याचा तो भाग काढून नष्ट करण्याने जास्त होतं.

नमुनाकक्ष
नमुन्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. हवा असतो तो मेंदूच्या देठाचा ओबेक्स, म्हणजे चौथी पोकळी इंग्रजी व्ही आकारात मिटून मज्जारज्जूच्या मधल्या नळीत शिरते ती जागा. पोट-आतड्यांशी जोडलेल्या व्हेगस मज्जातंतूचं केंद्रक तिथेच आहे, आणि आतड्यातून वर चढणारा प्रायॉन मेंदूत पहिल्यांदा तिथेच पोचतो. डोकं पहिल्या मणक्याच्या सांध्यात वेगळं करायचं, कवटीच्या मागच्या छिद्रातून लांब दांड्याचा चमचा देठ आणि त्याभोवतीचं जाड आवरण यांच्या मधून सरकवायचा, बाजूचे मज्जातंतू कापत देठ हलकेच ओढून घ्यायचा. घाईने ओढला तर देठ नेमका ओबेक्सवर तुटतो.

मग उभा छेद. एक अर्धा भाग ताजा, रॅपिड टेस्टसाठी. दुसरा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकासाठी. सडून पातळ झालेल्या मेंदूवरही एलायझा (अँटिबॉडी वापरून प्रथिन शोधणारी रॅपिड टेस्ट) चालते, कारण हे प्रथिन सहज कुजत नाही. पण ओबेक्स कुठला ते कळत नाही, मग 'निगेटिव्ह'ला काही किंमत राहत नाही.

बायो-रॅड कंपनीच्या एलायझा संचात ३५० मिलिग्रॅम ऊती लागते, ४० कमी-जास्त चालते. आवरणं आणि रक्तवाहिन्या काढूनच वजन करा, नाहीतर मेंदू कमी आणि चामडंच जास्त भरतं. पुढे भुगा करून प्रोटिनेज-के हे प्रथिन पचवणारं विकर घालायचं. ते साधं पीआरपी खाऊन टाकतं, बिघडलेलं मागे उरतं. पचन अपुरं झालं तर खोटा पॉझिटिव्ह, फार झालं तर खोटा निगेटिव्ह, म्हणून तापमान आणि वेळ काटेकोर पाळायची. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलेला नमुना त्याच ऊतीतून दोनदा पुन्हा लावतात, आणि वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखणं) किंवा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (ऊतीच्या कापावर प्रथिन रंगवून बघणं) पक्कं केल्याशिवाय निकाल देत नाहीत.

आणखी एक, फॉर्मॅलिन आणि अल्कोहोल प्रायॉनला मारत नाहीत. ओट्यावर २०,००० पीपीएम क्लोरीनचं हायपोक्लोराइट किंवा दोन नॉर्मल कॉस्टिक सोडा, पूर्ण एक तास.

थायोफ्लेविन
आरटी-क्विकमध्ये प्रयोगशाळेत बनवलेलं साधं पीआरपी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये घेऊन त्यात नमुन्याचा अतिसौम्य थेंब टाकतात. एक मिनिट हलवायचं, एक मिनिट थांबायचं, असं तासन्‌तास. नमुन्यात प्रायॉनचं बीज असेल तर साधं प्रथिनही बिघडत जाऊन धागे होतात आणि त्यांना चिकटणारं थायोफ्लेविन-टी हे रंगद्रव्य चमकायला लागतं. संवेदनशीलता एलायझापेक्षा कितीतरी जास्त. माणसाच्या सीजेडी या प्रायॉन रोगाच्या निदानात मणक्यातल्या पाण्यावर ही चाचणी आता रोजची झाली आहे. पण गायीच्या सुप्तकाळात त्या पाण्यात किंवा रक्तात बीजच नसेल तर यंत्र काय वाढवणार? गुरांसाठी जिवंतपणीची मान्य चाचणी अजून नाही.

अंतिमवर्ष_पशुवैद्यक
मग आपल्याकडे गोठ्यावर पशुवैद्याने काय बघायचं?

ओबेक्स
भारतात बीएसई आढळलेला नाही आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत आपण नगण्य जोखमीत आहोत. तो दर्जा टिकतो तो लक्षणं असलेली जनावरं शोधण्यावर. संघटनेच्या जुन्या गुणपद्धतीत तपासलेल्या प्रत्येक जनावरामागे देशाला गुण मिळत; चार ते सात वर्षांच्या संशयित रुग्णाला ७५० गुण होते, त्याच वयाच्या कत्तलखान्यातल्या धडधाकट जनावराला ०.२. यावरून नमुना कुठे शोधायचा ते कळतं.

चार वर्षांवरची गाय, ताप नाही, चारा खाते तरी वाळत चालली, धार काढताना नवीनच लाथा मारते, हात लावला की किंवा भांडं वाजलं की दचकते, मागचे पाय लटपटतात, आणि हे आठवडेच्या आठवडे वाढत जातं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, ग्लुकोज देऊन फरक नाही. अशी गाय दगावली तर मेंदू पाठवा.

पण आधी रेबीज. रेबीजची गाय साधारण दहा दिवसांत जाते, आणि लाळ, आवाज बसणं, गिळता न येणं दिसतं. दोन मोजे, चेहऱ्यावर ढाल, स्वतःची रेबीज लस पूर्ण झालेली, याशिवाय कवटीला हात लावू नका. रेबीजसाठी देठ आणि लहान मेंदू ताजाच लागतो, बर्फावर. सगळा मेंदू फॉर्मॅलिनच्या बरणीत बुडवून पाठवला तर बीएसईची रॅपिड टेस्ट होत नाही आणि रेबीजची नेहमीची चाचणीही अडते. चिठ्ठीवर वय, लक्षणांचे दिवस, खुराक कुठला आणि किती जणांना लाळ लागली हे लिहा.